सहावें बोट कोणाच्या अपराधाचें?

बालक जन्मास आलें कीं घरचीं माणसें त्याचीं बोटें मोजून पाहतात. एखादें अधिक निघालें, दोन जुळलेलीं दिसलीं किंवा एक कमी पडलें, म्हणजे लगेच प्रश्न उठतो: हा दोष कोणाचा? या प्रश्नाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

आमच्या प्राचीनांनीं त्याचें उत्तर बहुधा अपराधांतच शोधिलें. धान्य चोरणारा अंगहीन होतो व त्यांत भेसळ करणाऱ्यास अधिक अवयव येतो, असें कर्मफळ मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांत सांगितलें आहे. तिसऱ्या अध्यायांत अधिकांगी कन्येशीं विवाह निषिद्ध मानिला आहे. सुश्रुतसंहितेनें हें कारण पूर्वजन्मांतून गर्भावस्थेंत आणिलें. गर्भिणीचे डोहाळे न पुरविल्यास वांकड्या हाताचें किंवा लंगडें मूल होतें, असें तिचें म्हणणें. लोकरूढीनें तर सारा दोष आईच्याच पदरीं बांधिला: ग्रहणांत तिनें कांहीं चिरलें असेल, म्हणून मुलाचें बोट गेलें!

दोष शोधण्याऐवजीं पिढ्या मोजण्याची बुद्धि अठराव्या शतकांत युरोपांतील कांहीं पंडितांस झाली. बर्लिनच्या विद्वत्सभेचा अध्यक्ष मोपर्त्वी यानें 1752 सालीं याकोब रूहे नामक शस्त्रवैद्याच्या घराण्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. याकोबच्या प्रत्येक हातास व पायास सहा बोटें होतीं. त्याच्या आईस व आजीसहि तशींच होतीं. आईच्या आठ मुलांपैकीं चौघांत व याकोबच्या सहांपैकीं दोघांत तीं उतरलीं. वीस हजारांत एक मनुष्य असा असतो असें धरल्यास तीन पिढ्या हें केवळ योगायोगानें घडण्याचा संभव आठ लाख कोटींत एक, असें त्यानें गणित मांडिलें. जें याकोबला आईकडून आलें, तेंच त्यानें बाप होऊन मुलांस दिलें. मग तें गर्भिणीच्या आचरणाचें फळ कसें?

पुढें 1903 सालीं हार्वर्ड येथें फॅराबी यानें आंखूड बोटांच्या एका अमेरिकन कुटुंबाचा अभ्यास करून मेंडेलचा आनुवंशिकतेचा नियम मनुष्यासहि लागू पडतो, हें प्रथम दाखविलें. असें लक्षण प्रबळ असेल, तर कालांतरानें बहुतेक समाज आंखूड बोटांचा होईल, अशी शंका निघाली. तिचें निरसन 1908 मध्यें हार्डी या गणितज्ञानें केलें. आपल्या रामानुजनला केंब्रिजला नेणारा तो हाच. प्रबळ लक्षणहि आपोआप वाढत जात नाहीं, हें त्यानें थोडक्या गणितानें सिद्ध केलें.

आज हें रहस्य पुष्कळ उलगडलें आहे. हाताचा अंकुर गर्भाच्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास फुटतो व आठव्याच्या अखेरीस बोटें सुटीं होतात. मधल्या पडद्यांतील पेशी मरून गेल्या नाहींत, तर बोटें जुळलेलीं राहतात. म्हणजे सातव्या महिन्यांतील ग्रहण लागावें कशास? कित्येकदां हा फरक घराण्यांतून येतो, कधीं एखादी पिढी वगळतो, तर कधीं कुळांत प्रथमच उद्भवतो. थॅलिडोमाइडसारख्या औषधानेंहि 1957 ते 1961 या काळांत हजारों बालकांचे हातपाय अपुरे राहिले. परंतु तेथेंहि अपराध आईचा नव्हता.

हें ज्ञान ग्रंथांत राहून भागत नाहीं. बालकांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 6 फेब्रुवारी 2013 रोजीं सुरू झाला, तो पालघर येथूनच. वांकड्या पावलासारखीं जन्मजात व्यंगें वेळींच ओळखून उपचार व्हावे, म्हणून अंगणवाडींत वर्षांतून दोनदां व शाळेंत एकदां मुलें तपासावीं, अशी त्याची योजना आहे. त्याच जिल्ह्यांत, गुजरातच्या सीमेलगत वेवजीसारखीं गांवें आहेत. तेथील अंगणवाडींत आई मूल घेऊन बसेल, तेव्हां तपासणाऱ्यानें बोटें मोजावीं, उपचार सांगावा, आणि 'तुझें कांहीं चुकलें नाहीं' हेंहि स्पष्ट शब्दांत सांगावें. घरच्यांनीं मनूच्याच चौथ्या अध्यायांतील एक आज्ञा तेवढी पाळावी: न्यून किंवा अधिक अंगाच्या मनुष्यास त्यावरून हिणवूं नये.