तुतारीचा शिक्का

वर्ध्याजवळच्या सावंगी (मेघे) इथल्या रुग्णालयात दुपारी दोननंतर बाहेरची बाकं शांत होतात. सकाळची धावपळ ओसरलेली असते, रिपोर्ट यायचे असतात, आणि सोबतची माणसं एकतर डबा उघडून बसतात नाहीतर मोबाईल. मागच्या खेपेला माझ्या शेजारी एक आजी आणि तिचा नातू होते. नातवाने यूट्यूबवर ‘संत तुकाराम’ लावला आणि सवयीने सुरुवातीचा भाग पुढे सरकवायला बोट टेकवलं. आजीने त्याचा हातच धरला.

“काहून समोर ढकलून रायला रे? तुतारी तं वाजू दे!”

तुतारी वाजली. आजीने पदर सारखा केला आणि मग कुठे पडद्याकडे, म्हणजे त्या वीतभर काचेकडे, नीट पाहिलं. ती तुतारी पुण्याच्या स्टुडिओतून निघून सावंगीच्या या बाकापर्यंत कुठकुठून आली असेल, हे त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

आपल्याकडे जुन्या राजपत्रांत शिक्का माथ्यावर असे आणि मोर्तब शेवटी. वर पत्र कोणाचं त्याची ओळख, खाली मजकूर इथेच संपला याची ग्वाही. मधल्या मजकुरात कोणी काही घुसडू नये, यासाठी ही दोन टोकं बांधलेली असत. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द तिथला. नाटकाला नांदी असते, तमाशाला गण असतो, अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’ अशी नाममुद्रा असते. सिनेमा आला तेव्हा त्यालाही असा शिक्का हवासा वाटला, यात नवल नाही.

कोल्हापुरात १ जून १९२९ रोजी प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल आणि केशवराव धायबर हे चौघे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले. पाचवे भागीदार सीताराम कुलकर्णी, पैशाची बाजू सांभाळणारे. कंपनीचं नाव ‘प्रभात’, म्हणून खूणही पहाटेची वर्दी देणारी: तुतारी फुंकणारी स्त्री. मूकपटाच्या दिवसांत ही तुतारी नुसती दिसायची. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ने मराठी बोलपट सुरू केला आणि पुढे ही तुतारी ऐकूही येऊ लागली. १९३३ मध्ये कंपनी पुण्याला गेली. १९३६ साली आलेल्या ‘संत तुकाराम’ची १९३७ च्या व्हेनिस महोत्सवाने दखल घेतली. मुंबईच्या सेंट्रल टॉकीजमध्ये तो वर्षाहून जास्त चालला. एवढ्या आठवड्यांत एकेका माणसाने ती तुतारी किती वेळा ऐकली असेल! दिवे मालवले, गलका थांबला, तुतारी वाजली की समजायचं, आता जे दिसेल त्याला प्रभातची हमी आहे.

ही हमी शिक्क्याचा गाभा आहे. १९४२ मध्ये शांतारामबापू प्रभातमधून बाहेर पडले. परळला राजकमल कलामंदिर उभारताना त्यांनी वडील राजाराम आणि आई कमल यांची नावं जोडली आणि खुणेत कमळ आणलं. राज कपूर यांनी १९४९ च्या ‘बरसात’मधलंच दृश्य, एका हातात व्हायोलिन आणि दुसऱ्या हातावर झुकलेली नायिका, आर.के.चं चिन्ह म्हणून कायम केलं. राजश्रीने सरस्वती बसवली. प्रत्येकाने आपल्या घराचं, श्रद्धेचं नाहीतर पहिल्या यशाचं काहीतरी दारावर लावलं. हे शिक्के करणाऱ्यांचे होते.

वर्ध्याकडे ही रिळं यायची ती ‘सी.पी. बेरार’च्या वाटेने. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा प्रांत नकाशावरून जाऊन कित्येक दशकं झाली, तरी चित्रपट वितरणाच्या धंद्यात विदर्भाचं नाव सी.पी. बेरारच राहिलं, आणि अमरावती हे त्याचं मोठं ठाणं. पत्र्याच्या डब्यांतून आलेली प्रिंट कितीही घासलेली असो, तुतारीवर उभ्या रेघांचा पाऊस पडत असो, शिक्का मात्र जागेवर असायचा. कारण तो रिळातच होता.

रिळाची फीत झाली आणि सगळं बदललं.

व्हीएचएस ही पद्धत जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये बाजारात आणली. १९८२ च्या एशियाडबरोबर आपल्याकडे रंगीत दूरदर्शन आलं आणि पाठोपाठ व्हीसीआर. वर्ध्याच्या आसपासच्या गावांत गणपतीत नाहीतर शारदा उत्सवात ‘व्हिडिओ’ भाड्याने आणायचा म्हणजे टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेट, रात्रभरासाठी. वर्गणी निघायची, ताडपत्री टाकली जायची, आणि पहाटेपर्यंत तीन पिक्चर संपवायचेच असायचे, कारण सकाळी सामान परत करायचं असे. कॅसेट मिळायची त्या दुकानाला आम्ही ‘लायब्ररी’ म्हणायचो. या शब्दामागे खरीच पुस्तकं आहेत. मुंबईची शेमारू १९६२ मध्ये पुस्तकं घरी वाचायला देणारी लायब्ररी म्हणून सुरू झाली. १९७९ मध्ये तिने व्हिडिओ कॅसेट भाड्याने द्यायला सुरुवात केली आणि १९८७ पासून स्वतः कॅसेट काढू लागली. नोंदवही तीच, अनामत रक्कम तीच. फक्त कादंबरीच्या जागी सिनेमा.

कॅसेटवरून कॅसेट मात्र कोणीही काढू शकत होतं. दोन व्हीसीआर आणि एक तार पुरेशी होती. चोरट्या प्रतींनी थिएटरवाले आणि निर्माते हैराण झाले, तेव्हा १९८४ मध्ये संसदेने कॉपीराइट कायदा दुरुस्त केला. त्यात आलेलं कलम ५२-अ या मागोव्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वळण आहे. व्हिडिओवर चित्रपट काढायचा असेल तर तीन गोष्टी फितीवर दिसल्याच पाहिजेत आणि वेष्टनावरही छापल्या पाहिजेत, असं त्यात सांगितलं: सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत, व्हिडिओ काढणाऱ्याचं नाव, पत्ता आणि आपण रीतसर परवानगी घेतल्याचं निवेदन, आणि मूळ हक्कदाराचं नाव, पत्ता. मोडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

कॅसेट लावली की आधी येणारा तो निळा पडदा, पांढरी बारीक अक्षरं, ‘कायदेशीर कारवाई’ची सूचना आणि मग गरगर फिरत येणारं कंपनीचं चकाकतं नाव, या सगळ्याचं मूळ असं पोलीस ठाण्याच्या दारात आहे. प्रभातची तुतारी सांगायची, ‘हे आम्ही केलं.’ व्हिडिओ कंपनीचं चिन्ह सांगायचं, ‘हे आम्ही चोरलेलं नाही.’ सातबाराच्या उताऱ्यावर जसं नाव लागतं, तसं.

कायद्याने नाव सुरुवातीला लावलं, चोरांनी ती सुरुवातच कापली. म्हणून कंपन्यांनी चिन्ह पडद्याच्या कोपऱ्यात आणलं, मधेच मोठं करून दाखवलं, खालून टेलिफोन नंबरची पट्टी फिरवली. त्या पट्टीवर पुढे साबण, मसाले आणि साड्यांच्या जाहिरातीही धावू लागल्या. नायिका रडत असताना तिच्या हनुवटीखालून मसाल्याचं नाव सरकत जायचं आणि आम्ही तेही वाचायचो. त्याचा आम्हाला राग येत नव्हता. लिहून आलेलं सगळं सिनेमाचंच आहे, अशी आमची समजूत होती.

या प्रवासात तुतारीचं आणखी एक झालं, जे कानाला कळायचं पण कारण ठाऊक नसायचं. बोलपट थिएटरात सेकंदाला २४ चित्रांच्या गतीने चालतो. आपल्या दूरदर्शनची पाल पद्धत सेकंदाला २५ चित्रांची. रिळावरून फितीवर उतरवताना सोपा मार्ग म्हणजे सिनेमाच किंचित पळवायचा. शंभर मिनिटांचा चित्रपट शहाण्णवाव्या मिनिटाला संपतो, आणि आवाज अर्ध्या स्वराहून थोडा कमी इतका वर चढतो. अशा रीतीने उतरवलेल्या कॅसेटवर घरी ऐकलेली तुतारी थिएटरातल्या तुतारीपेक्षा थोडी उंच आणि थोडी घाईची असायची. एक गोष्ट मात्र सुदैवाची: त्या काळच्या चित्रचौकटीचा आकार जुन्या टीव्हीच्या पडद्याशी जवळपास जुळत होता, त्यामुळे जुने शिक्के बव्हंशी पूर्ण दिसले. सिनेमास्कोपच्या जमान्यातल्या चित्रपटांचे दोन्ही काठ मात्र टीव्हीवर कापले गेले.

पुढची पायरी तबकडीची. व्हीसीडीवर सत्तर-ऐंशी मिनिटंच मावत, म्हणून सिनेमा दोन किंवा तीन तबकड्यांत तोडावा लागे. दुसरी तबकडी घातली की विकणाऱ्याचं चिन्ह पुन्हा, इशारा पुन्हा. करणाऱ्याचा शिक्का एकदा आणि विकणाऱ्याचा तीनदा, असा हिशेब झाला. २००७ च्या सुमारास मोझर बेअरने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. चोरट्या प्रतीच्या जवळपास किमतीत खरी प्रत मिळू लागली आणि भाड्याने आणायची गरजच संपली. लायब्ऱ्या मिटल्या. याच कॅसेट-तबकड्यांवर १९८८ चा ‘अशी ही बनवाबनवी’, ज्याचे निर्माते शांतारामबापूंचे चिरंजीव किरण शांताराम, घरोघरी इतका पाहिला गेला की मुलांना संवाद तोंडपाठ झाले. पण त्यामागचं घराणं ‘अयोध्येचा राजा’पर्यंत जातं, हे फार थोड्यांना ठाऊक होतं.

तरी या विकणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. त्याला एक कारण आहे. जुनी रिळं नायट्रेटची असत. हा पदार्थ आपोआप सडतो, सहज पेट घेतो, आणि एकदा पेटला की विझवणं कठीण, कारण जळण्यासाठी लागणारा प्राणवायू त्याच्या पोटातच असतो. प्रभातचा स्टुडिओ बंद पडल्यावर १९६० मध्ये त्याच जागेत सरकारची चित्रपट संस्था सुरू झाली. त्याच आवारात ८ जानेवारी २००३ रोजी राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट रिळांच्या कोठाराला आग लागली आणि शेकडो चित्रपटांची मूळ रिळं गेली. त्यांत प्रभातचीही होती. जिथे तुतारी घडली, तिथेच तिची मूळ फीत जळाली. त्याआधी सुरक्षित फिल्मवर, कॅसेटवर, तबकडीवर जे जे उतरवून ठेवलं गेलं होतं, त्याचं मोल त्या दिवशी कळलं. प्रत काढणाऱ्याचे हात व्यापाऱ्याचे असतील, पण त्या हातांनी वारसाही वाहून आणला आहे.

म्हणूनच मागणं एवढंच आहे की प्रत काढताना माथा कापू नका. आज जुना चित्रपट मोबाईलवर चढवताना पहिलं अर्धं मिनिट उडवणं सोपं असतं. बघणाऱ्यालाही घाई असते. कोपऱ्यात नव्या मालकाचं चिन्ह दोन तास उभं राहतं आणि ज्यांनी चित्रपट केला त्यांची पाच सेकंदं जातात. तुकोबांच्या अभंगातला शेवटचा चरण गाळून कोणी गायलं तर गाव विचारेल, ‘तुका म्हणे’ कुठे गेलं? सिनेमाबाबत हे विचारणारं माणूस हवं.

बाकावरचा तो सिनेमा अर्ध्यावर आला होता तेव्हा आजीच्या नावाचा पुकारा झाला. नातवाने फोन थांबवला आणि तिला हाताला धरून उठवलं. आत जाताना ती त्याला म्हणाली, “बाहेर आल्यावर पहिल्यापासून लाव.” त्याने मान हलवली. पहिल्यापासून म्हणजे कुठून, हे आता त्याला सांगावं लागणार नव्हतं.