गवत कोणी कापायचं?



आजचा विषय फलकावर वाचून दोघांनी मला दारातच अडवलं. म्हणाले, "सर, इतिहासाच्या व्याख्यानमालेत गवत कापायचा रोबो?" त्यांना म्हटलं, बसा तर खरं, नंतर ठरवा.

झालं असं, की माझा मुलगा गेल्या महिन्यात जर्मनीहून आला होता. इथे पिंपळे गुरवला आमचं जुनं रो-हाउस आहे. पुढे थोडी बाग, बागेत हिरवळीचा एक तुकडा. तिकडे त्याच्या शेजाऱ्यांकडे छोटा रोबो दिवसभर अंगणात फिरतो आणि गवत कापतो. जाताना तो म्हणाला, "बाबा, कोणता घ्यायचा ते तुम्ही ठरवा, पैसे मी देतो." आता मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस. 'कोणता घ्यायचा?' असं कुणी विचारलं, की मी 'कशासाठी घ्यायचा?' इथून सुरू करतो. घरचे कंटाळतात. तुम्हीही आज थोडं सोसा.

ॲरिस्टॉटलच्या 'पॉलिटिक्स' या ग्रंथात, पहिल्याच भागात, एक प्रसिद्ध विचार आहे. मागावरचा धोटा जर आपोआप चालला असता आणि वाद्य आपोआप वाजलं असतं, तर कारागिराला मदतनिसांची आणि मालकाला गुलामांची गरज राहिली नसती, असं तो म्हणतो. तो गुलामगिरीचं समर्थन करत होता, हे विसरू नका. पण त्याने एक गोष्ट अचूक पकडली. आपोआप चालणारं साधन आलं, की कुणाचे तरी हात मोकळे होतात. कुणाचे, आणि मोकळे होऊन ते हात जातात कुठे, हा खरा प्रश्न.

आता गंमत बघा. गवत कापायचं यंत्र जन्माला आलं ते कापडाच्या गिरणीजवळच. इंग्लंडमध्ये स्ट्राउड नावाचं गाव आहे, लोकरी कापडासाठी प्रसिद्ध. विणलेल्या कापडावरची लव एकसारखी कातरायला तिथे फिरत्या पात्यांची यंत्रं होती. एडविन बडिंग या कारागिराच्या मनात आलं, जमिनीवरचं गवत म्हणजे तरी काय, लवच की! १८३० मध्ये त्याने पेटंट घेतलं. तोवर मोठ्या घरांच्या हिरवळी लांब दांड्याच्या कोयत्याने कापायला मजुरांची रांग लागे. बडिंगने पेटंटच्या कागदात लिहिलं, की खेड्यातल्या सद्गृहस्थांना हे यंत्र स्वतः चालवण्यात करमणूक होईल आणि चांगला व्यायामही घडेल. ही गोष्ट लक्षात ठेवा, मी शेवटी तिच्याकडे येणार आहे. पहिलं यंत्र मालकाचे हात मोकळे करायला आलं नव्हतं. मालकाने स्वतः हात लावावा, अशी त्यात सोय होती.

आपल्याकडे मात्र गवताचा इतिहास शोभेचा नाही, वैरणीचा आहे. शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीला गेलेलं पत्र तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. दाणावैरण आत्ताच मन मानेल तशी उडवली, तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्यांकडून गवत-दाणा ओरबाडायला जाल, आणि रयतेला मोगल बरे वाटतील, असा त्याचा आशय. राज्य टिकणं न टिकणं वैरणीशी जोडलेलं आहे, हे त्या पत्रात स्पष्ट दिसतं.

पण हे गवत कापत कोण होतं? घरचं गवत घरच्या बायका विळ्याने कापत. सरकारी गवताची गोष्ट वेगळी. गावात अंमलदार उतरला, की त्याच्या घोड्याला गवत आणि चुलीला लाकूडफाटा आणून टाकायचा तो महारवाड्याने, वेठीने, बिनपैशाने. इंग्रज आले तरी हे लगेच थांबलं नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडलं, त्याच्या मुळाशी असली सगळी राबणूक होती. इंग्रजी फौजेत घोड्यामागे एक मोतद्दार आणि एक गवत कापणारा असे. म्हणजे गवत कापणं हे काम आपल्या समाजात नेहमीच दुसऱ्यावर ढकललेलं काम.

मग आली हिरवळ. इथून औंधमार्गे पाचेक किलोमीटर गेलात, की विद्यापीठाची मुख्य इमारत लागते. ती मूळची गव्हर्नरसाहेबांची पावसाळ्यातली कोठी. १८६४ ला काम सुरू झालं. १८९७ साली चिंचवडच्या चापेकर बंधूंनी रँडला गाठलं, ते इथलाच समारंभ उरकून तो परतत असताना. आसपासची गावं एकेक काडी वैरणीसाठी जपत होती, त्या काळात गवत वाढवायचं, कापायचं आणि गुरांना घालायचं नाही, ही कल्पनाच आपल्याला नवी होती. हिरवळीचा थाट त्यातच होता: माझी जमीन मी नुसती बघायला ठेवू शकतो!

आणि त्याच वेळी इथे काय चाललं होतं? आपल्या शेजारच्या पिंपळे सौदागरची गोष्ट सांगतो. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी त्या एका गावाचा बारकाईने अभ्यास करून १९१७ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. अर्थशास्त्राचे विद्यार्थी तो अजून वाचतात. १७७१ मध्ये त्या गावात एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. मॅनसाहेबांच्या वेळी ती ७ एकरांवर आली होती. १५६ खातेदार आणि ७२९ तुकडे! अशा तुकड्यांतून पोट भरायचं, आणि त्यात शत्रू कोण? हरळी. काळ्या जमिनीत हरळी शिरली, की कुदळीने खणून मुळ्या वेचाव्या लागत. आपण चिवट माणसाला 'हरळीची मुळी' म्हणतो ते उगाच नाही. आता हीच हरळी म्हणजे गणपतीला वाहायची दूर्वा, आणि लॉनसाठी जगभर 'बर्म्युडा' या नावाने लावतात तीही हीच. आजोबांनी जी खणून काढली, तीच नातू रोपवाटिकेतून विकत आणतो.

तर आता रोबोकडे. स्वीडनच्या हुस्क्वार्ना कंपनीने १९९५ मध्ये सूर्यप्रकाशावर चालणारं पहिलं यंत्र बाजारात आणलं. पुढे बॅटरी आली. जमिनीत कडेने तार पुरायची, ती त्याची लक्ष्मणरेषा. अलीकडची यंत्रं उपग्रहाच्या खुणेवर किंवा कॅमेऱ्यावर चालतात. खाली दाढीच्या ब्लेडसारखी लहान पाती असतात. एक फरक नीट समजून घ्या: हे यंत्र वाढलेलं गवत कापण्यासाठी नाहीच. रोज फिरून दोन-तीन मिलिमीटर खुडायचं आणि तो चुरा तिथेच टाकायचा, अशी त्याची पद्धत. कोयता वाढलेलं गवत कापतो आणि हातात पेंढी देतो. रोबो गवत वाढूच देत नाही, आणि हातात काही उरत नाही. जमिनीला त्या चुऱ्याचं खत होतं, हे मात्र त्याच्या बाजूने मान्य केलं पाहिजे.

मी टेप घेऊन बाग मोजली. हिरवळ वीस बाय पंचवीस फूट, म्हणजे पाचशे चौरस फूट. अर्धा गुंठासुद्धा नाही. (हशा) बाजारातले लहान रोबोसुद्धा साधारणपणे दोनशे-तीनशे चौरस मीटरचा विचार करून बनवलेले. माझी हिरवळ भरते शेहेचाळीस चौरस मीटर. दुसरं, उपग्रहावर चालणाऱ्याला मोकळं आभाळ लागतं. आमच्या तिन्ही बाजूंना सात मजली इमारती उभ्या आहेत. तिसरं, पाऊस. आपल्याकडे गवत खरं वाढतं जून ते सप्टेंबर, आणि नेमकी तेव्हाच जमीन चिखल असते. चाकं रुततात, हिरवळीला चऱ्या पडतात. चौथं, दुरुस्ती. घेण्याआधी दुकानदाराला विचारा, पाती आणि बॅटरी इथे मिळते का, आणि बिघडलं तर माणूस घरी येतो का. आणि रात्री ते चालवू नका. युरोपात हेजहॉगसारखे लहान प्राणी त्यात जखमी होतात म्हणून तिथेही हाच सल्ला देतात. आपल्या बागेत बेडूक आहेत.

हे सगळं झाल्यावर मी आमच्या माळीमामांना विचारलं. आधी विचारायला हवं होतं. मामा आठवड्यातून दोनदा येतात. बाहत्तरच्या दुष्काळात लहानपणी आईवडिलांबरोबर धाराशिवकडून इकडे आले. आता पाठ दुखते, खाली बसून कात्रीने गवत कापवत नाही. कापलेलं गवत पोत्यात भरून गावठाणातल्या एका गोठ्यावर देतात.

मी जरा आडवळणाने विषय काढला. ते म्हणाले, "आणा की सर यंत्र. माझी पाठ सुटंल. पर भिंतीकडंचं त्याला कापता येणार न्हाई, ते मलाच करावं लागंल." हे अगदी बरोबर आहे. कडेचं गवत रोबोकडून राहतंच. महागड्या यंत्रांच्या माहितीपत्रकांत ते बारीक अक्षरात असतं. मग थोडं थांबून म्हणाले, "मग येकच दिस यायचं का?"

मित्रहो, इथे मला कबुली द्यायची आहे. तो हिशोब माझ्या डोक्यात आधीच झालेला होता. रोबो आला की मामांचा एक दिवस कमी, पगार अर्धा. मी चाळीस वर्षं वर्गात ॲरिस्टॉटलचा धोटा शिकवला, आणि माझ्याच अंगणात तो चालायला लागला तेव्हा मोकळे होणारे हात कुणाचे, हे मला मामांनी विचारेपर्यंत दिसलं नव्हतं.

शेवटी मी हाताने ढकलायचं, फिरत्या पात्यांचं साधं यंत्र घेतलं. बडिंगचंच ते, फक्त हलकं. ना वीज, ना पेट्रोल. सकाळी फिरायला जाण्याआधी मी वीस मिनिटं ते ढकलतो. पंचाहत्तरीत तेवढा व्यायाम पुरतो. पात्यांमागे पिशवी आहे, गवत त्यात पडतं, ते गोठ्यावर जातं. मामा पूर्वीसारखेच दोन दिवस येतात, पगार तोच. वाचलेल्या वेळात त्यांनी कुंपणालगत दोडका आणि कारल्याचे वेल चढवलेत. ते काम त्यांना येतं, मला नाही.

रोबो वाईट, असं माझं म्हणणं नाही. ज्याचं आवार मोठं आणि सपाट आहे, गुडघे साथ देत नाहीत, मदतीला माणूस मिळत नाही, त्याने जरूर घ्यावा. कारखान्यांच्या आवारात भर उन्हात, खांद्यावर धुराचं यंत्र घेऊन दिवसभर गवत कापणारी पोरं मी पाहतो. तिथे रोबो यावा असंच मला वाटतं. फक्त त्या पोरांना उद्या काय काम, हा प्रश्न यंत्राच्या किमतीत धरा. दुकानदार तो धरत नाही.

मुलाला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, मी फक्त मॉडेल विचारलं होतं." (हशा)

इथे थांबतो. कुणाला काही विचारायचं असेल तर अवश्य विचारा.