बॅटरी अचानक बंद पडली? सेल फेकण्याआधी हे तपासा

उमरठ (ता. पोलादपूर) : पावसाळ्यात आपल्याकडे लाईट कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नसतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर जिल्ह्यातली कित्येक गावं दिवसचे दिवस अंधारात होती. जुलै २०२१ मध्ये महाडला पूर आला, तळियेत दरड कोसळली, तेव्हाही वीज आणि मोबाईल दोन्ही बंद पडले. अशा वेळी घरात चालू बॅटरी पाहिजेच. रानडुकरांपासून भात राखायला जाणाऱ्याला तर ती रोजच लागते.

पूर्वीचे साधे सेल उतरायला लागले की उजेड पिवळा पडायचा. माणूस सावध होऊन घर गाठायचा. आताच्या लिथियम सेलच्या बॅटरीत बऱ्याच वेळा तसं होत नाही. चांगला उजेड असताना ती एकदम विझते. आपण समजतो सेल गेला. पण अनेकदा सेल चांगला असतो, त्याच्या आतल्या सर्किटने तो बंद केलेला असतो.

हे सर्किट काय करतं?

टॉर्चमध्ये बहुतेक १८६५० नावाचा सेल असतो. म्हणजे १८ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब. 'प्रोटेक्टेड' सेलच्या खालच्या टोकाला छोटं सर्किट बसवलेलं असतं, म्हणून तो ६८ ते ७० मिमी भरतो. सेल फार उतरला (साधारण २.५ व्होल्ट), जास्त चार्ज झाला, किंवा शॉर्ट झाला की हे सर्किट करंट तोडतं. ते नसेल तर सेल तापून पेट घेऊ शकतो.

या क्रमाने तपासा

१. मागचं टोपण उघडा. आटे आणि स्प्रिंग कोरड्या फडक्याने पुसा. पावसाळी हवेत तिथे गंज किंवा हिरवट थर धरतो. टोपण घट्ट लावून पाहा.

२. सेल उलटा तर बसला नाही ना, हे बघा. सपाट डोक्याचा सेल काही टॉर्चमध्ये टेकत नाही. लांब प्रोटेक्टेड सेल घातल्यावर टोपण पूर्ण बसत नसेल तर जोर लावू नका.

३. मंद उजेडावर चालते, पण फुल केल्यावर बंद पडते? मग सेल म्हातारा झालाय, किंवा टॉर्च सर्किटच्या मर्यादेपेक्षा जास्त करंट ओढतेय.

४. काहीच होत नसेल तर सेल काढून लिथियमच्याच चार्जरमध्ये लावा. चार्जरचा करंट मिळाला की बंद झालेलं सर्किट बहुधा पुन्हा चालू होतं. काही चार्जर असा सेल ओळखत नाहीत, तेव्हा दुसऱ्या चार्जरवर लावून बघा.

५. गावातल्या वायरमनकडे मीटर असतो. डीसी २० व्होल्टवर मोजा:

- ४.१ ते ४.२ : फुल चार्ज
- ३.६ ते ३.७ : निम्म्याच्या आसपास
- ३ च्या खाली : लगेच चार्ज करा
- शून्य : बहुधा सर्किटने तोडलंय, चार्जरला लावा

सर्किट चालू झाल्यावरही २ व्होल्टच्या खाली दाखवत असेल तर तो सेल वापरू नका. इतका खोल उतरून पडून राहिलेला सेल आतून खराब होतो, चार्ज करताना तापू शकतो. फुल चार्ज करून काढलेला सेल रात्रभरात ४ च्या खाली आला तर तोही बदला.

हे कधीच करू नका

- वरचं प्लास्टिक सोलून सर्किट काढून टाकू नका. त्याने बॅटरी चालू होईलही, पण राखणदारच गेलेला असतो.
- बंद सेलला वायरीने दुसऱ्या बॅटरीचा झटका देऊ नका.
- दोन सेलच्या टॉर्चमध्ये एक जुना, एक नवा घालू नका.
- सुटा सेल किल्ल्या-नाण्यांबरोबर खिशात ठेवू नका. प्लास्टिक फाटलेला, चेपलेला सेल वापरू नका.
- अंथरुणावर किंवा पेंढ्याजवळ चार्जिंगला लावू नका. ओला सेल पूर्ण वाळल्याशिवाय लावू नका.
- खराब सेल शेकोटीत टाकू नका, तो फुटतो. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून विकणाऱ्याकडे द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुने सेल परत घेण्याची जबाबदारी कंपन्यांवर आहे.

नवा घेताना

बाजारात ९९०० एमएएच लिहिलेले सेल स्वस्तात मिळतात. खरा १८६५० सेल साधारण ३५०० पर्यंतच जातो. दुकानातल्या काट्यावर ठेवून बघा. चांगला सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो, फारच हलका असेल तर घेऊ नका.

बॅटरी ठेवून देताना टोपण अर्धा आटा सैल करा. बऱ्याच टॉर्चमध्ये त्याने सेल हळूहळू उतरायचा थांबतो. आणि मिरगाच्या आधी घरातली प्रत्येक बॅटरी फुल चार्ज करून दहा मिनिटं लावून बघा. दगा द्यायचाच असेल तर तो घरात दिलेला बरा, अंधारात वहाळ ओलांडताना नको.