रोजच्या फेरीचे टपाल

गावाबाहेर रोज चालायला जाणे, तिथे दिसलेले टिपून ठेवणे आणि ते आपल्यासारख्याच दुसऱ्या कुणाला कळवणे, या तीन गोष्टी एकत्र यायला बराच काळ जावा लागला. पाहणारे पूर्वीही होतेच. ‘गाथासप्तशती’ उघडली की सातवाहनकाळातला गोदाकाठ, विंध्याचे डोंगर, करंजांची दाटी, कदंब, मोर आणि हरणे आपल्याला भेटतात. हाल राजाच्या नावावरचा हा संग्रह अनेकांच्या रचना वेचून केलेला, म्हणजे पाहिलेले एकत्र जमवण्याची हौस आपल्याकडे किती जुनी ते दिसते. पण कोणता कदंब, कोणत्या वर्षी फुललेला, हे त्या गाथा सांगत नाहीत. त्यांना सांगायचेही नव्हते. त्यानंतर दीड हजार वर्षांनी बाबर आपल्या आठवणींत हिंदुस्थानातली जनावरे, पक्षी, फळे आणि फुले एकेक करून नोंदवतो. त्याचा पणतू जहांगीर तर सारसांच्या जोडीला लैला-मजनू अशी नावे देऊन तिच्या अंड्यांवर आणि पिल्लांवर नजर ठेवतो आणि सारे रोजनिशीत उतरवतो. या दोघांच्या नोंदी इतक्या नेमक्या होत्या, की पुढे सलीम अलींनी १९२७-२८ मध्ये मोगल बादशहांच्या निसर्गप्रेमावर लेखमालाच लिहिली. फक्त बादशहाला बरोबरीचा वाचक मिळणे अवघड. दरबारात ‘हुजूर, आपले चुकले’ असे कोण म्हणणार?

तसे म्हणू शकणारा वाचक मिळाला तो इंग्लंडातल्या हॅम्पशायर परगण्यातल्या एका पाद्र्याला. गिल्बर्ट व्हाइट (१७२०–१७९३) सेलबोर्न नावाच्या खेड्यात राहिला आणि तिथलीच माती, पाखरे व पाऊस न्याहाळत म्हातारा झाला. १७५१ पासून तो बागेची वही ठेवत होता. १७६८ पासून मात्र तिची जागा एका छापील तक्त्याने घेतली. हा तक्ता आखला होता डेन्स बॅरिंग्टन या वकील गृहस्थाने. उष्णतामान, वारा, पाऊस, कोणत्या झाडाला प्रथम पालवी फुटली, कोणता पक्षी आला किंवा गेला, असे रकाने त्यात होते आणि शेवटी किरकोळ निरीक्षणांसाठी थोडी मोकळी जागा. व्हाइटने पुढची पंचवीस वर्षे, म्हणजे मरणापूर्वी काही दिवसांपर्यंत, हे रकाने भरले. त्या मोकळ्या जागेत जे मावत नव्हते ते तो पत्रांतून लिही, कधी थॉमस पेनंट या प्राणिशास्त्रज्ञाला, तर कधी बॅरिंग्टनला. दिसायला जवळजवळ सारख्या तीन चिमुकल्या पाखरांच्या जाती निराळ्या आहेत हे त्याने त्यांच्या आवाजांवरून ओळखले. गांडुळांमुळे जमीन भुसभुशीत राहते हे त्याने १७७७ मध्येच लिहून ठेवले, तेव्हा डार्विनचा जन्मही झालेला नव्हता. आत्याकडून वारशाने आलेल्या टिमथी या कासवावरही त्याने बरीच शाई खर्च केली; ते कासव प्रत्यक्षात मादी होते, हे नंतर कळले. पाकोळ्या हिवाळ्यात कुठे जातात, या कोड्याने मात्र त्याचा पिच्छा जन्मभर पुरवला. त्या इथेच कुठे बिळांत झोपून राहत असाव्यात, ही शंका त्याच्या मनातून पुरती कधी गेली नाही. ही पत्रे १७८९ सालच्या छापाने पुस्तकरूपात आली. त्यांतली काही टपालात कधी पडलीच नव्हती, पुस्तकासाठी म्हणून ती पत्रांच्या रूपात लिहिली गेली. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. समोर कुणीतरी आहे असे धरल्याशिवाय त्याला लिहिता येत नव्हते! शिवाय त्याच्या लेखनात तारखेची नोंद आणि तीवरचे मनन ही दोन्ही एकाच हाताने, एकाच बैठकीत होत होती. पुढच्या दोन शतकांत ही जोडी फुटत गेली.

त्याच सुमाराला नॉरफकमधले रॉबर्ट मार्शम १७३६ पासून वसंताच्या खुणांची यादी ठेवत होते. पहिले फूल, पहिले पान, बेडकांचा पहिला आवाज, एवढेच त्यात होते. अखेरच्या काळात त्यांचा व्हाइटशी पत्रव्यवहारही झाला. त्यांच्या घराण्याने ही यादी १९५८ पर्यंत चालवली. पलीकडे अमेरिकेतल्या काँकर्ड गावात हेन्री डेव्हिड थोरो १८३७ पासून मृत्यूच्या आदल्या वर्षापर्यंत, म्हणजे १८६१ पर्यंत, रोजनिशी लिहीत राहिला. त्याचे चिंतन जगाने वाचले, पण रोजनिशीतल्या फुलोऱ्याच्या तारखा दीड शतक पडून राहिल्या. एकविसाव्या शतकात रिचर्ड प्रिमॅक यांनी त्या आजच्या तारखांशी ताडून पाहिल्या, तेव्हा काँकर्डची फुले सरासरीने आठवडाभर आधी उमलू लागल्याचे दिसले.

आता आपण मुंबईला येऊ, कारण या गोष्टीतला सर्वांत रंगतदार टप्पा इथे आहे. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ माणसे आज भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भायखळ्याच्या संग्रहालयात जमली आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. महिन्यातून एकदा भेटायचे, पाहिलेले एकमेकांना सांगायचे, मिळालेले नमुने दाखवायचे, एवढाच हेतू होता. आठांपैकी दोघे आपले होते. डॉ. आत्माराम पांडुरंग हे प्रार्थना समाजाच्या संस्थापकांतले, तर डॉ. सखाराम अर्जुन हे ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे आणि रखमाबाईंचे सावत्र वडील. या दोघांची आठवण समाजसुधारणेच्या इतिहासात निघते, पाखरांच्या इतिहासात क्वचितच. पुढल्या वर्षी संस्थेचे बिऱ्हाड फोर्ब्स स्ट्रीटवरच्या फिप्सन या मद्यविक्रेत्याच्या दुकानात हलले. दारूच्या दुकानात सापांच्या बरण्या! १८८६ पासून संस्थेचे नियतकालिक निघू लागले आणि त्यात किरकोळ टिपणांचा एक विभाग आला. कोकणातला कुणी कलेक्टर, घाटावरचा कुणी वनाधिकारी, चहाच्या मळ्यावरचा कुणी मॅनेजर, चार ओळी लिहून पाठवी आणि पुढच्या अंकात दुसरा कुणी त्या खोडून काढी. व्हाइटला दोन वाचक होते. इथे अख्ख्या देशभर पसरलेली मंडळी एकमेकांची वाचक झाली.

संस्थेचा पहिला चिटणीस एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हा साताऱ्यात जन्मलेला माणूस. काही वर्षे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवून तो जकात आणि मीठ खात्यात शिरला आणि नोकरीच्या निमित्ताने खाराघोडा, उरण, कारवार, रत्नागिरी असा हिंडला. त्याने वर्णन केले ते कुणाचे? घरात शिरणारे उंदीर, पाली, कावळे, मुंग्या, डास यांचे. बंगल्याच्या सरहद्दीवरच्या टोळ्या अशी कल्पना करून लिहिलेले त्याचे पुस्तक संस्थेच्या स्थापनेच्याच वर्षी निघाले. त्याला निवृत्तीआधी एक मानही मिळाला, तो म्हणजे एका डासाच्या जातीला त्याचे नाव दिले गेले. मिस्कील माणूस होता, त्यामुळे त्याला ते आवडले असावे, असे आपण धरून चालू. पण संस्थेचे नियतकालिक जसजसे शास्त्रीय होत गेले तसतशी त्याची ही तऱ्हा तिथून बाहेर पडली. टिपणात दुर्मीळ पक्षी हवा, जागा हवी, मोजमाप हवे. कावळ्यावरचा विचार नको.

तो विचार वर्तमानपत्रांनी उचलला. मँचेस्टर गार्डियनमधली ग्रामीण रोजनिशी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुरू झाली ती आजही चालू आहे. मद्रासचे एम. कृष्णन १९५० पासून १९९६ मध्ये डोळे मिटेपर्यंत ‘स्टेट्समन’मध्ये आपले सदर लिहीत होते आणि सोबतची चित्रेही स्वतःच काढत होते. मराठीत याच काळात दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) आले. दुर्गाबाईंनी इंग्रजी महिने बाजूला सारून चैत्र ते फाल्गुन अशी आपली मांडणी धरली, आणि शहरातल्या वाचकालाही पळस-पांगाऱ्याकडे मान वर करून बघायला लावले. त्यातला वैशाख अमुक सालचा नाही, तो दर वर्षीचा आहे. मननाची बाजू इथे शिखराला पोचली खरी, पण तारखेची बाजू या पुस्तकात शोधू नये. दोन्ही बाजू पुन्हा जवळ आणल्या त्या मारुती चितमपल्लींनी. नवेगावबांध-नागझिऱ्याच्या रानात वनखात्याची नोकरी करताना त्यांनी डायऱ्या भरल्या. विदर्भातल्या आदिवासींकडून आणि मासे धरणाऱ्या ढिवरांकडून नावे, समजुती आणि खाणाखुणा गोळा केल्या, आणि एकाच माणसाने ललित लेखही लिहिले आणि ‘पक्षिकोश’ही सिद्ध केला.

नियतकालिकाला नको असलेली टिपणे तरी जावीत कुठे? १९६० च्या आसपास जफर फतेहअली यांनी पक्षिनिरीक्षकांसाठी सायक्लोस्टाइल केलेले वार्तापत्र सुरू केले. घराच्या गच्चीवर साळुंकीने घरटे कुठे बांधले, गावच्या तळ्यावर यंदा चक्रवाक केव्हा उतरले, असल्या मजकुराला त्यात मज्जाव नव्हता. शाई पसरलेली ती पाने देशभरच्या हौशी लोकांकडे जात आणि तिकडून आंतरदेशीय पत्रे उलट येत. चार दशकांहून अधिक काळ त्यांनी ते काम रेटले. माझ्या मते एटकेनचा खरा वारस हा.

मग संगणक आला. कॉर्नेल विद्यापीठाची पक्षिप्रयोगशाळा आणि ऑडुबॉन संस्था यांनी २००२ मध्ये ‘ई-बर्ड’ सुरू केले, आणि भारतात २०१३-१४ नंतर त्याला वेग आला. फेरी संपताच फोनवरून यादी जाते, नावे मराठीतही दिसतात. या पद्धतीचा एक नियम मला मनापासून आवडतो. जे जे दिसले आणि ओळखता आले ते सगळे लिहायचे, कावळा आणि कबूतरसुद्धा. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दुर्मिळाच्या नादात जे गाळले जाऊ लागले ते अशा रीतीने परत आले, आणि त्यातूनच भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३ चा अहवाल उभा राहिला. त्यामागे सुमारे ३०,००० निरीक्षकांच्या ३ कोटी नोंदी होत्या आणि ९४२ जातींचा विचार झाला. कोकिळ आणि मोर वाढत आहेत, तर तारेवर बसणारा आपला नीलपंख घटतो आहे, असे त्यात दिसले.

व्हाइटच्या तक्त्यासारखी इथेही शेऱ्यासाठी मोकळी जागा आहे. बहुतेक जण ती रिकामी सोडतात, कारण त्यांचे मनन दुसरीकडे गेलेले असते. त्याच सकाळी तोच माणूस व्हॉट्सॲपच्या गटात चार ओळी टाकतो, कुणी अंगठा दाखवतो, कुणी ‘हा नीलपंख नव्हे, खंड्या आहे’ म्हणून दुरुस्त करतो, आणि संध्याकाळपर्यंत ते सारे शंभर संदेशांखाली गाडले जाते. नीलपंख किती घटला ते यादी सांगते. तो कोणत्या बांधावर उतरत असे, त्या शेतात पूर्वी ज्वारी होती आणि आता काय आहे, औषधफवारणी केव्हा झाली आणि त्यानंतर टोळ-नाकतोडे दिसेनासे झाले का, हे त्या चार ओळींत असते, आणि सध्या तरी ते कुणाच्या तरी जुन्या फोनमध्ये पडून आहे.