कँटनच्या वेशीबाहेर

दक्षिण चीनमध्ये पर्ल नदीच्या काठी वसलेल्या क्वांगचौ शहराला युरोपियनांनी कँटन हे नाव दिले आणि त्याच नावाने ते जगाला परिचित झाले. १७५७ साली चिएन-लुंग बादशहाने समुद्रमार्गे येणाऱ्या पश्चिमेकडील व्यापाऱ्यांना या एकाच बंदराची वाट मोकळी ठेवली. तेव्हापासून पुढील ८५ वर्षे दर्यावर्दी लोकांच्या लेखी चीनला जाणे म्हणजे कँटनला जाणे, असाच अर्थ रूढ झाला. मौज अशी की, एवढ्या काळात तेथे गेलेल्या परकीयांपैकी बहुतेकांनी शहर आतून कधी पाहिलेच नाही.

पाहुण्याचा प्रवास सुरू होई तो पोर्तुगीजांच्या मकाव येथून. तेथे परवाना आणि चिनी वाटाड्या मिळाल्याखेरीज जहाजाला नदीच्या मुखात शिरता येत नसे. पुढे ‘वाघाचे मुख’ या नावाच्या अरुंद खाडीतील किल्ल्यांपाशी परवान्याची तपासणी होई. तेथून उथळ वाळूचे पट्टे चुकवीत, भरतीची वाट पाहात जहाज वांपोआला येई आणि नांगर टाकी. कँटन अजून बारा मैल दूर असे. परंतु मोठ्या जहाजाची वाट येथेच संपे. मग खुद्द बादशहाने नेमलेला जकातीचा अधिकारी लवाजम्यासह जहाजावर चढे. पुढच्या डोलकाठीपासून मागच्या डोलकाठीपर्यंतची लांबी आणि मधली रुंदी मोजून कर ठरे, आणि त्यावर ठरलेल्या नजराण्याची भर पडे. प्रत्येक जहाजाला एक जामीन व्यापारी, एक दुभाषा आणि अन्नपाण्याचा एक पुरवठादार घ्यावाच लागे. एवढे सोपस्कार उरकल्यावर पाहुणा लहान होडीने शहराकडे निघे.

होडी थांबे ती तटबंदीच्या बाहेर, नैर्ऋत्येस, तेरा वखारींच्या घाटावर. हजारेक फूट लांबीच्या त्या नदीकाठावर इंग्रज, डच, डेन, स्वीड, अमेरिकन सारे शेजारी शेजारी नांदत. वखारींमधील दोन-तीन गल्ल्या आणि समोरचे मोकळे अंगण एवढाच पाहुण्याचा मुलूख. तटाच्या आत जाण्यास बंदी, पालखीत बसण्यास बंदी. महिन्यातून तीन ठराविक दिवशी, दुभाष्याच्या देखरेखीखाली, लहान तुकडीने नदीपलीकडील बागेत फिरून यावे, एवढीच काय ती मोकळीक. व्यापाराचा हंगाम संपला की मुक्काम हलवून मकावला परतावे लागे. स्त्रियांना तर वखारीतही मज्जाव होता. १८३० मध्ये हॅरिएट लो ही अमेरिकन तरुणी आपल्या काकूसह तेथे गेली, तेव्हा व्यापार थांबविण्याची धमकी येऊन दोघींना परत फिरावे लागले. परकीयाने चिनी भाषा शिकणेही गुन्हा होता. १७५९ साली जेम्स फ्लिंट या इंग्रजाने उत्तरेस जाऊन बादशहाकडे तक्रारअर्ज पोचविला. त्याला तीन वर्षांचा कारावास घडला, आणि ज्या चिनी माणसाने त्याला अर्ज लिहिण्यास साहाय्य केले त्याचा शिरच्छेद झाला. खरी किंमत कोणी मोजली, हे उघडच आहे.

या घाटावर मुंबईचे पारशीही होते. त्यांच्या पांढऱ्या पागोट्यांवरून चिनी लोक त्यांना ‘पांढऱ्या डोक्याचे परदेशी’ म्हणत. जमशेटजी जीजीभाई यांनी तरुणपणी चीनच्या अनेक सफरी केल्या. १८०५ साली त्यांचे जहाज फ्रेंचांच्या हाती सापडले. त्याच जहाजावर विल्यम जार्डीन नावाचा डॉक्टर होता. पुढे या दोघांच्या व्यापारी संबंधातून अमाप संपत्ती निर्माण झाली. मुंबईहून जाणाऱ्या मालात पश्चिम भारताचा कापूस होता, तशीच माळव्याची अफूही होती. मुंबईच्या ज्या रुग्णालयाला आणि कलाशाळेला जमशेटजींचे नाव आहे, त्यांच्या इतिहासात हा घाट येतोच. वांपोआजवळच्या छांगचौ बेटावर पारशांच्या कबरी आजही आहेत.

चिनी निर्बंधांची युरोपियन लेखकांनी यथेच्छ टवाळी केली आहे. निर्बंध जाचक होते, यात शंका नाही. तथापि अफूने भरलेली जहाजे नदीच्या मुखाशी उभी असता यजमानाचा संशय निराधार होता, असे म्हणवत नाही. १८३९ साली आयुक्त लिन झ-श्यू यांनी वखारींची नाकेबंदी करून वीस हजारांहून अधिक पेट्या अफू ताब्यात घेतली आणि नष्ट केली. त्यातून युद्ध पेटले. १८४२ च्या नानकिंगच्या तहाने पाच बंदरे उघडली, पण कँटनच्या नागरिकांनी वेस उघडू दिली नाही. १८५६ च्या डिसेंबरात वखारी जळून खाक झाल्या. पुढच्याच वर्षाअखेरीस इंग्रज-फ्रेंच तोफांनी तट फोडला आणि १८६१ पर्यंत शहर त्यांच्या ताब्यात राहिले.

गंमत पाहा : आत शिरण्यासाठी एवढा रक्तपात करणारे हे लोक मग राहिले ते पुन्हा बाहेरच. नदीकाठच्या वाळूवर भराव घालून त्यांनी शामियेन हे बेट उभारले, मध्ये कालवा काढला आणि पुलांवर दारे बसविली. आता मज्जाव चिनी माणसाला होता.

तट विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाअखेरीपासून पाडला जाऊ लागला आणि त्याच्या जागी रस्ते आले. १९९७ मध्ये शहरात भुयारी रेल्वे सुरू झाली. वखारींच्या जागेवर आता सांस्कृतिक उद्यान आहे. २०१३ पासून त्याच नावाचे रेल्वे स्थानकही आहे. जवळच्या रस्त्याचे नाव मात्र अजून ‘तेरा वखारींचा रस्ता’ असेच असून तेथे कपड्यांचा घाऊक बाजार भरतो.