पाच लाख माद्यांचा गंध

आज आपण एका इवल्याशा ग्रंथीचा इतिहास पाहू. रेशमाच्या पतंगाची मादी कोषातून बाहेर येते, तेव्हापासून ती काही खात नाही. तिला धड उडताही येत नाही. ती एका जागी बसते आणि पोटाच्या टोकाकडून दोन पिवळसर पिशव्या बाहेर काढते. शरीरातल्या द्रवाच्या दाबाने त्या फुगतात आणि नंतर पुन्हा आत ओढल्या जातात. थोड्या वेळात नर पंख फडफडवत तिच्याकडे येतो.

या पिशव्या चिरफाड करून पाहता येत होत्या. पण त्यातून गंध येतो हे सिद्ध कसं करायचं? आपल्या नाकाला तर काहीच कळत नाही. इथेच सगळी अडचण होती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये फाब्र यांनी मोरपतंगाची नुकतीच जन्मलेली मादी जाळीखाली ठेवली. रात्री सुमारे ४० नर घरात शिरले. मादी घट्ट बंद डब्यात ठेवली, की कोणी फिरकत नसे. डब्याला फट राहिली, की नर हजर. म्हणजे हवेतून काहीतरी जात होतं. पण ते काय, हे कळायला आणखी अर्धं शतक जावं लागलं.

जर्मनीत बुटेनांट यांनी ते शोधायला घेतलं. संप्रेरकांवरच्या कामासाठी १९३९ चं नोबेल त्यांना जाहीर झालं होतं. एका मादीत गंधद्रव्य इतकं थोडं, की त्यांना सुमारे ५ लाख माद्यांच्या ग्रंथी जमवाव्या लागल्या. अर्क वेगळा करत जायचं, आणि दर पायरीला तो नरापुढे धरायचा. नर फडफडला, तर वाट बरोबर. आपलं नाक जिथे थिटं पडलं, तिथे पतंगाच्या मिशाच यंत्र झाल्या! तब्बल २० वर्षांनी, १९५९ मध्ये, हाती काही मिलिग्रॅम द्रव्य आलं आणि त्याची रचना ठरली. त्याला नाव मिळालं बॉम्बिकॉल. त्याच वर्षी कार्लसन आणि ल्युशर यांनी अशा द्रव्यांना 'फेरोमोन' हा शब्द दिला.

आता म्हणाल, याचा आपल्याला काय उपयोग? विदर्भातल्या कपाशीच्या शेतात जा. तिथे काठ्यांना टांगलेले कामगंध सापळे दिसतील. आत गुलाबी बोंडअळीच्या मादीच्या गंधाची नक्कल केलेली ल्यूर असते. सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ-आठ नर सापडले, की फवारणीची वेळ आली असं समजायचं. त्याआधी उगाच फवारलं, तर पैसा आणि औषध दोन्ही वाया जातं.

शेतकरी सकाळी सापळ्यातले पतंग मोजतो, तेव्हा तोही तेच करतो: आपल्याला न येणारा वास नराकडून विचारून घेतो.