काचपात्रातील चेतापेशी

इ. स. १८६९ मध्ये पॅरिसच्या शार्को या वैद्याने एका दारुण व्याधीचे वर्णन केले. मेंदूची आज्ञा स्नायूंपर्यंत पोचविणाऱ्या प्रेरक चेतापेशी तीत हळूहळू मरतात. हातपाय लुळे पडतात, वाचा जाते, शेवटी श्वासही थकतो. बहुतेकांची बुद्धी मात्र जागी असते. मोटर न्यूरॉन व्याधी ती हीच. मेलेली चेतापेशी पुन्हा उगवत नाही, हे तिचे मर्म.

मग ती पेशी शरीराबाहेर वाढविता येईल काय? १९०७ साली अमेरिकेत रॉस हॅरिसन याने बेडकाच्या गर्भातील चेतापेशीला लसिकेच्या थेंबात तंतू फुटताना पाहिले. पेशीसंवर्धनाच्या विद्येचा हा आरंभ होय. मुंबईत ती विद्या रुजविली डॉ. कमल रणदिवे यांनी. १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या या विदुषीने बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात तिचे धडे घेतले आणि १९६० च्या दशकात भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. त्यांचा विषय कर्करोगाचा. परंतु पेशी जिवंत राखण्याचे कसब कोणा एका रोगापुरते नसते. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राने देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी पुरविण्याचे काम अंगावर घेतले.

२००६ मध्ये जपानच्या शिन्या यामानाका यांनी उंदराच्या प्रौढ पेशीला मूलपेशीचे रूप परत दिले. दोनच वर्षांनी हार्वर्ड व कोलंबिया येथील संशोधकांनी या व्याधीने ग्रासलेल्या ८२ वर्षांच्या स्त्रीच्या त्वचेपासून प्रेरक चेतापेशी घडविल्या. रोग्याला न दुखविता त्याचा रोग काचपात्रात न्याहाळता येऊ लागला, औषधे पारखता येऊ लागली.

पण पात्रात पेशी वाढणे निराळे आणि माणूस बरा होणे निराळे. रोग्याच्याच अस्थिमज्जेतील मूलपेशी वाढवून पाठीच्या कण्यातील द्रवात सोडण्याच्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीचा निकाल २०२० मध्ये लागला. अपेक्षित गुण सिद्ध झाला नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत बजावले आहे की, रक्ताच्या काही ठराविक व्याधी वगळता मूलपेशींचा वापर मान्यताप्राप्त चाचणीतच व्हावा.

बेडकाच्या चेतातंतूपासून रोग्याच्या चेतापेशीपर्यंत पोचण्यास १०१ वर्षे लागली. पुढची वाट अजून चालावयाची आहे. आणि ज्या घरी दिवस मोजके उरले, तेथे आशा विकणे फार सोपे असते. म्हणून मूलपेशींचा उपचार देऊ करणाऱ्यास घरच्यांनी आधी एवढेच विचारावे: ही चाचणी कोणाच्या मान्यतेने चालली आहे, आणि चाचणीच असेल तर पैसे कशाचे?